गाडीत घरचा कमोड बसवणं बंद करा आणि टाकी रिकामी करायला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या नागपुरात जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीटा काढायच्या, पलंग, गॅस, टॉयलेट बसवून घ्यायचं आणि पेंच, चिखलदरा, ताडोबा फिरायचं हे बरंच सुरू झालंय. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला उघडला आणि आता तर सगळा 701 किलोमीटरचा रस्ता झाला, त्यामुळे लोकं लांबलांब जाऊन राहिले, चांगलंच आहे. आमच्याकडेपण अशीच सेकंडहँड घेतलेली गाडी आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना ढाब्यावरच्या संडासात खाली बसता येत नाही, आणि बाईमाणसाने चांगलं टॉयलेट दिसेपर्यंत पाणीच प्यायचं नाही हे मला कधीच पटलं नाही, मग लघवीच्या इन्फेक्शनसाठी डॉक्टरकडे पळा. त्यामुळे गाडीतलं टॉयलेट ही आमच्यासाठी चैन नाही, गरज आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली जे काही बसवून राहिलेत त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

बहुतेक ठिकाणी घरात लावतो तोच सिरॅमिकचा कमोड उचलून गाडीत बसवतात, खाली व्हाइट सिमेंट, बाजूने सिलिकॉन, झालं काम. आता घरच्या कमोडला वास अडवायला जे पाणी साठून राहतं ते गाडी चालली की डचमळून गाडीखालच्या मैल्याच्या टाकीत जातं आणि मग टाकीतला सगळा वास आत. व्हाइट सिमेंटला हादरे सहन होत नाहीत, दोनचार खराब रस्ते झाले की तडा जातो आणि पाणी झिरपायला लागतं. शिवाय घरचा फ्लश एका वेळी साधारण 6 लिटर पाणी सोडतो, जुना असेल तर 10 सुद्धा. गाडीखाली 60 लिटरची टाकी धरा, दहा वेळात भरली! चार माणसांचं कुटुंब असेल तर एक दिवसपण निघत नाही. आणि भरलेली टाकी म्हणजे 60 किलो वजन मागच्या बाजूला हेलकावे खात लटकतंय, त्याने ब्रॅकेटला चिरा पडतात ते वेगळंच.

खरं तर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांसाठी, मुद्दाम बनवलेलं टॉयलेट असतं, त्यात तळाला पाण्याचा वाकडा ट्रॅप नसतोच, पायाने दाबायच्या पेडलवर उघडणारी झडप असते, तिच्यावर थोडंसं पाणी राहतं त्याने वास अडतो आणि एका फ्लशला फार तर एखाददीड लिटर पाणी लागतं. ते जमिनीवरच्या फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या तोंडाच्या चकतीला, दोन बोल्टने बसतं आणि मधे रबरी सील असतं. सीलऐवजी लावतात ती मेणाची रिंग नको, ती एका जागी उभ्या असलेल्या घरासाठी ठीक आहे, नागपूरच्या 45 डिग्रीत तापलेल्या आणि हलणाऱ्या पत्र्याच्या गाडीत तिचा काही भरवसा नाही. पण हे बाहेरून मागवलेलं टॉयलेट घेताना एक अडचण येते ती आधीच सांगते, अमेरिकन मापाचा तीन इंची पाइप बाहेरून साधारण 89 मिलिमीटर असतो आणि आपल्याकडे पीव्हीसी मिळतो 75, 90 किंवा 110 चा. फ्लँज बसत नाही मग प्लंबर एमसील लावून जमवतो आणि तिथूनच गळायला लागतं. घ्यायच्या आधी पाइपचं माप मिलिमीटरमध्येच विचारा.

आमच्या गाडीत आधीच्या मालकाने कोण्या फॅब्रिकेटरकडून घरचाच कमोड बसवून घेतला होता. तो काढायचं ठरवलं तर आधी टाकी रिकामी व्हायला हवी, आणि टाकीला खाली काय होतं तर दीड इंची बॉल वॉल्व्ह! त्यातून पाणी जाईल, बाकीचं कसं जाणार? साफ करायला दुसरं झाकण कुठेच नाही. टाकीची हवा बाहेर जायला छतापर्यंत पाइप पाहिजे तोही नाही. आम्ही गाडी एका वॉशिंग सेंटरला नेली तर तिथल्या मालकाने एका पोराला हाक मारली, सतरा-अठरा वर्षांचा असेल, आणि सांगितलं की वरून कमोड उचल आणि हात घालून काढ. मी तिथेच थांबवलं. 2013 च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी एका माणसाने दुसऱ्याला हे सांगायचं तरी कसं? बंद टाकीत विषारी गॅस साठतो, सेप्टिक टँकमध्ये माणसं दगावतात ती त्यानेच. गाडीची टाकी लहान आहे म्हणून तो गॅस सौम्य होत नाही.

शेवटी गाडी घरी आणली, टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी आणि कपड्याचा साबण टाकला, रिंग रोडला चकरा मारून ते पाणी आत चांगलं घुसळू दिलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पाइप लावून घरच्या गटारलाइनच्या चेंबरमध्ये सोडलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे परत परत करावं लागलं पण हात कोणाचाच लागला नाही. नंतर यांनी आणि आमच्या ओळखीच्या प्लंबरदादांनी पाणी बंद करून, राहिलेलं पाणी स्पंजने टिपून, व्हाइट सिमेंट छिन्नीने फोडून कमोड उचलला आणि भोकात लगेच कापडाचा बोळा कोंबला, वास आणि पडणारे स्क्रू दोन्ही अडतात. खालचा प्लाय पूर्ण कुजलेला निघाला, बोट दाबलं तर आत जात होतं. माझी कळकळीची विनंती आहे की टॉयलेट बदलताना खालची जमीन ठोकून बघितल्याशिवाय नवीन बसवू नका, आम्ही तेवढा तुकडा कापून 710 ग्रेडचा मरीन प्लाय टाकला आणि कडा रेझिनने बंद केल्या.

टाकी काढूनच टाकली आणि त्या जागी कॅसेट टॉयलेट लावलं. माझ्या मते आपल्या इकडे तरी हेच योग्य आहे. सीटखाली 18-20 लिटरचा डबा असतो, गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार करायचं, त्यातून डबा ओढून काढायचा आणि कुठल्याही साध्या संडासात ओतायचा. दार कुठल्या बाजूला येणार ते विकत घेण्याआधी ठरवा, चाकाची कमान, डिझेलची टाकी, चॅसिसचा आडवा अँगल यातलं काही मधे यायला नको, आणि बॉडी कापायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. फ्लशच्या पंपाला 12 व्होल्टची वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज द्या. रबरी सीलला सिलिकॉनचं वंगण लावा, व्हॅसलिन नको, त्याने रबर खराब होतं, आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी ठेवणार असाल तर डबा रिकामा करून धुवूनच ठेवा.

बाहेरच्या माहितीपत्रकात दोन माणसांना दोनतीन दिवस पुरतो असं लिहिलेलं असतं पण ते कागद वापरणाऱ्या लोकांसाठी. आपण पाणी वापरतो, जेट स्प्रे लावला तर 20 लिटर कधी भरतात कळत नाही. आम्ही जेट काढून बाटली ठेवलीय, सासूबाईंनापण जमलं. आणि डब्यात टाकायचं केमिकल फॉर्मलीनवालं घेऊ नका, एन्झाइमवालं घ्या, कारण बऱ्याच रिसॉर्टला आणि गावांमध्ये सेप्टिक टँक असतो, त्यातले जिवाणू कडक केमिकलने मरतात आणि आपण निघून गेल्यावर त्रास त्या घरच्यांना.

आता मुख्य गोष्ट, रिकामं करायचं कुठे? आमचा डबा घरी ओतता येतो, पण मोठी टाकी असलेल्यांचं काय? काहीजण रात्री पुलावर गाडी थांबवून सरळ नाल्यात सोडतात, मी पाहिलंय. नाल्याचं पाणी नाग नदीला, नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसेखुर्द धरण, तिथलं पाणी लोकं वापरतात. रेल्वेने डीआरडीओसोबत काम करून डब्यांना बायो-टॉयलेट, म्हणजे जिवाणूंनी मैला कुजवणारी टॉयलेट, लावली, रुळांवर पडणारा मैला थांबवला, आणि आपण हौसेच्या गाड्यांतून तोच मैला नदीत सोडायचा?

राज्याने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या वाढाव्यात असं सरकारलाच वाटतंय नं, मग ही सोयपण त्यांनीच करायला हवी. फार मोठं काम नाहीये बाप्पा. वर्धा रोड, अमरावती रोड, जबलपूर रोड अशा शहराच्या तोंडाशी एकेक जागा, उताराचा सिमेंटचा ओटा, मधे गटारलाइनला जोडलेलं झाकणाचं चार इंची तोंड, धुवायला नळ, हात धुवायला वेगळा नळ आणि रात्रीचा दिवा. लाइनला जोडलं की ते शुद्धीकरण केंद्रात जाईल, भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं हे आपलं शहर अभिमानाने सांगतं, तर मग हेही त्यातच जाऊ द्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा जी तात्पुरती शौचालयं लावावी लागतात त्यांच्या गाड्यांनापण ही जागा कामाला येईल. वापरायचे पैसे घ्या, आम्ही आनंदाने देऊ. समृद्धीवर पेट्रोलपंपाच्या थांब्यांवर एकेक झालं तर फारच चांगलं.

आणि गाड्या बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की मोठी टाकी लावायचीच असेल तर तीन इंची गेट वॉल्व्ह, साफसफाईचं वेगळं झाकण आणि हवेचा पाइप लावल्याशिवाय गाडी देऊ नका. गिऱ्हाइकांनीपण टाकीत पाणी भरून, गाडी एक चक्कर फिरवून, वॉल्व्ह उघडून ती पूर्ण रिकामी होते की नाही हे स्वतः उभं राहून बघावं, आणि मगच उरलेले पैसे द्यावे.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर