नाळेचं रक्त, आणि बाबांचा प्रश्न

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी फोनवर दोन गोष्टी विचारल्या: वहिनीच्या बाळंतपणात नाळेचं रक्त खासगी कंपनीकडे साठवायच्या कागदांवर सही करावी का, आणि इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाचं स्टेम सेलमध्ये काय काम. दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

नाळ कापल्यावर पिशवीत साधारण 50 ते 100 मिली रक्त उतरतं. चांगली भरली तर त्यात 100 कोटींच्या आसपास केंद्रक असलेल्या पेशी मिळतात. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान अडीच कोटी पेशी लागतात. म्हणजे 20 किलोच्या पोराला 50 कोटी, भागतं. दादासारख्या 70 किलोच्या माणसाला 175 कोटी, एका पिशवीत नाही भागत. त्यातही खऱ्या कामाच्या, नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, शंभरात एकही भरत नाहीत. 1988 साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं, तेव्हा रुग्ण पाच वर्षांचा मुलगा होता आणि रक्त त्याच्या नवजात बहिणीचं. रुग्ण लहान आणि रक्त दुसऱ्याचं, या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा.

मग पेशी बाहेर वाढवून घ्याव्यात, असं कुणालाही वाटेल. इथंच इंजिनिअर लागतो. कॅनडाचे पीटर झँडस्ट्रा मूळचे केमिकल इंजिनिअर. मॅकगिलमधून पदवी, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी, पुढे अमेरिकेत एमआयटी, 1999 पासून टोरांटोत प्राध्यापक आणि 2017 पासून व्हँकूव्हरला. त्यांच्या कारकिर्दीचा गाभा एकच: पेशी कशी वागेल हे तिच्या भोवतालच्या द्रावणावर ठरतं, आणि द्रावण मोजून ताब्यात ठेवता येतं.

बाबा, तुम्ही हे रंगखात्यात रोज पाहिलंय. बीकरमध्ये लॅब डिप, म्हणजे रंगाचा छोटा नमुना, अचूक येतो, तोच हिशेब मोठ्या व्हॅटला, म्हणजे रंगाच्या टाकीला, लावला की सूत पट्टे-पट्टे येतं. स्टेम सेल वाढवताना दर वेळी हेच होतं.

नाळेच्या पेशी 37 अंशांवर, वाढीची प्रथिनं घातलेल्या द्रावणात ठेवल्या की विभागायला लागतात, पण त्यातल्या बऱ्याच प्रौढ होत जातात. या प्रौढ पेशी टीजीएफ-बीटासारखी प्रथिनं सोडतात, आणि तीच मूळ पेशींना ‘आता पुरे’ असा निरोप देतात. थोडक्यात, वाढच वाढीला मारते. रोज सगळं द्रावण बदलावं, तर पेशींनी स्वतः सोडलेले उपयोगी रेणूही जातात आणि महागडी प्रथिनं वाया. झँडस्ट्रांच्या गटाने 2012 मध्ये जो उपाय दाखवला, तो पक्का कारखान्यातला आहे: काही काढायचं नाही, पंपाने ताजं द्रावण सतत थोडं थोडं घालत राहायचं, म्हणजे निरोधक प्रथिनं पातळच राहतात. बारा दिवसांत मूळ पेशी अकरा पट झाल्या. दुसऱ्या एका पद्धतीने, निकोटिनामाइड वापरून वाढवलेल्या नाळेच्या पेशींना अमेरिकेत 2023 मध्ये औषध म्हणून मान्यताही मिळाली, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी. त्या पेशी दान केलेल्या रक्तातल्या असतात, स्वतःच्या जपून ठेवलेल्या नव्हेत.

हृदयाच्या पेशींचं गणित याहून अवघड. हृदयविकाराच्या एका मोठ्या झटक्यात 100 कोटींच्या घरात पेशी मरतात. तेवढ्या नव्या करायच्या तर ढवळणाऱ्या टाकीत गोळ्या करून वाढवाव्या लागतात. ढवळणं मंद पडलं की गोळ्या एकमेकींना चिकटतात. गोळी अर्ध्या मिलीमीटरच्या पुढे गेली की मध्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि आतून मरते. जोरात ढवळलं तर पेशी फाटतात. हवेचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात, तेवढ्यानेही मरतात.

गोठवण्यातही तसंच. डीएमएसओ, म्हणजे गोठताना पेशींना जपणारं रसायन, 10 टक्के, तेही थंड असतानाच घालायचं, कारण ऊबेत ते पेशींना बाधतं. मग मिनिटाला एक अंश या वेगाने खाली, शेवटी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196. फार भरभर थंड केलं की पेशीच्या आत बर्फ, फार हळू केलं की पाणी निघून पेशी खारात आकसते. नीट केलं तरी वितळवताना काही पेशी जातातच. कंपनीच्या पत्रकात याची एक ओळ नसणार.

आता कागदांचं. बाळाला पुढे थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) झाला तर तोच दोष त्याच्या नाळेच्या पेशींतही असतो. रक्ताच्या कर्करोगातही स्वतःचं रक्त सहसा वापरत नाहीत, कारण बिघाडाचं बीज त्यात आधीपासून असू शकतं. पत्रकातल्या लांबलचक यादीतले बहुतेक आजार दुसऱ्याच्या पेशींनी बरे करायचे असतात. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थाही खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. घरात मोठ्या भावंडाला असा आजार असता, तर मीच म्हटलं असतं साठवा. आपल्याकडे हे पहिलंच बाळ. माझ्या मते सही करू नका.

त्यापेक्षा वहिनीची एचबीए2 तपासणी, म्हणजे थॅलेसेमियाचा दोष अंगात आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी, झाली आहे का ते विचारा. 3.5 टक्क्यांच्या वर आली तर दादाचीही लगेच करायची.

आणि आई, तू डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेव: बाळ रडलं, ठीक असलं, तर नाळ निदान एक मिनिट, जमलं तर तीन मिनिटं थांबून बांधा. तेवढ्यात बाळाकडे बरंच रक्त जातं आणि पुढचे काही महिने लोह पुरतं. पिशवी भरायची तर नेमकं हेच रक्त पिशवीत जातं. बाळ लगेच रडलं नाही, तर त्या ताबडतोब कापतील, तिथं हट्ट नको.

कंपनीच्या माणसाने रक्त गोळा करायचं किट घरी ठेवलं असेल तर सील न फोडता परत द्या, आणि पोच घ्या.

तुमची,
अनू