पिवळ्या नोटेवरचा गळालेला 'आय'

पर्थ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांच्या सरकारी लिखाणात शुद्धलेखनाच्या चुका होतात का, असे बाबांनी मागच्या फोनवर विचारले होते. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये तपासणीच्या कामात ज्यांचे सारे आयुष्य गेले, त्यांना याचे उत्तर घाईघाईने देणे बरे दिसले नसते, म्हणून हे पत्र.

चुका होतात, आणि इथे तर ती थेट नोटेवरच झाली. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2018 मध्ये 50 डॉलरची नवी नोट चलनात आणली. नोट पिवळ्या रंगाची असल्यामुळे लोक तिला 'पाइनॅपल' म्हणतात. तिच्या एका बाजूला डेव्हिड युनायपन हे आदिवासी लेखक आणि संशोधक आहेत, तर दुसऱ्या बाजूला ईडिथ कोवन. कोवनबाई आमच्या पर्थच्याच. 1921 मध्ये त्या इथल्या विधानसभेवर निवडून आल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही विधिमंडळात बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. किंग्ज पार्कच्या प्रवेशापाशी जो घड्याळाचा मनोरा आहे, तो त्यांच्याच स्मरणार्थ उभारलेला आहे. नोटेवर त्यांच्या चित्रामागे हिरवळीसारखे जे काही दिसते, ती हिरवळ नसून सूक्ष्म अक्षरांत छापलेल्या ओळी आहेत. त्यांत कोवनबाईंच्या सभागृहातील पहिल्या भाषणातले वाक्य पुन्हा पुन्हा येते. या सभागृहातली एकमेव स्त्री असणे ही मोठी जबाबदारी आहे, आणि इतर स्त्रियांनीही इथे असण्याची गरज मला ठासून सांगायची आहे, असा त्याचा आशय.

नेमक्या या जबाबदारीनेच दगा दिला. 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दातला 'एल' आणि 'टी' यांच्यामधला 'आय' गळाला आणि तिथे 'रिस्पॉन्सिबिल्टी' उरले. तेही एकदा नव्हे, तीन ठिकाणी. (आपल्याकडे निम्मे लोक हा शब्द असाच उच्चारतात, तेव्हा आपल्याला ही चूक कानाने सापडली नसती.) मे 2019 मध्ये नोटेच्या त्या भागाचे मोठे केलेले छायाचित्र कुणा श्रोत्याने एका रेडिओ केंद्राकडे पाठवले, तेव्हा कुठे हा प्रकार उजेडात आला. तोपर्यंत तशा 4 कोटी 60 लाख नोटा, म्हणजे 230 कोटी डॉलर, लोकांच्या खिशात जाऊन पोहोचले होते. बँकेने आढेवेढे न घेता चूक मान्य केली, नोटा वैधच राहतील असे सांगितले आणि पुढच्या छपाईत दुरुस्ती करण्याचे आश्वासन दिले. वर्तमानपत्रांनी 'जबाबदारी' या शब्दावर जेवढ्या कोट्या करता येतील तेवढ्या करून घेतल्या.

बाबा, ही चूक इंग्रजी येत नसल्यामुळे झालेली नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सूक्ष्म अक्षरे नोटेवर घालतात ती खोट्या नोटा छापणाऱ्याला अडवण्यासाठी. माझा तर्क असा की, जी अक्षरे वाचण्यासाठी छापलेलीच नाहीत, त्यांची रेष सुबक उठली आहे का एवढेच तपासणारा पाहत असावा; शब्द पूर्ण आहे का, हे पाहणे आपले काम आहे असे त्याला वाटतच नसेल. प्रेसमध्ये अशा मजकुराचे वाचन कुणाकडे असायचे, हे तुम्ही मला जरूर कळवा.

दगडावरचे अक्षर तरी सुटत नसेल असे वाटते, पण वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात 'फ्यूचर' हा शब्द कोरताना कारागिराने पहिल्या 'एफ'चा 'ई' केला. नंतर खालची आडवी रेघ बुजवली, तरी तिचा माग अजून दिसतो. न्यूयॉर्कमध्ये जिओव्हानी दा वेराझ्झानो या दर्यावर्दीच्या नावाचा पूल 1964 मध्ये सुरू झाला, तो नावातला एक 'झेड' गाळूनच, आणि तो परत मिळवण्यासाठी 2018 साली कायदा करावा लागला.

मला सर्वांत आवडतो तो वेल्समधल्या स्वान्सीचा फलक. तिथे रस्त्यावरचे फलक इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत असावे लागतात. 2008 मध्ये अवजड वाहनांना मनाई करणारा मजकूर नगरपालिकेने भाषांतरासाठी ईमेलने पाठवला आणि लगेच आलेले वेल्श उत्तर तसेच्या तसे फलकावर रंगवून घेतले. ते उत्तर भाषांतरकाराच्या संगणकाने आपोआप धाडलेले होते: मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम असल्यास पाठवावे. ट्रकचालकांना ही सूचना कितपत उपयोगी पडली असेल, कोण जाणे!

मात्र सगळ्याच चुकांवर हसू येत नाही. कार्डिफमध्ये 'टेलर अँड सन्स' नावाची जुनी अभियांत्रिकी कंपनी होती. 2009 मध्ये 'टेलर अँड सन' नावाची दुसरीच कंपनी बंद झाली, तेव्हा ब्रिटनच्या कंपनी निबंधकांच्या कार्यालयाने ती नोंद चुकून या 'सन्स'च्या नावावर केली. नोंद थोड्याच दिवसांत दुरुस्त झाली, पण तोवर ती पतमापन संस्थांपर्यंत पोहोचली होती. पुरवठादारांनी उधारी बंद केली आणि अडीचशेच्या आसपास कामगारांची ती कंपनी बुडाली. 2015 मध्ये न्यायालयाने निबंधक कार्यालयाला दोषी ठरवले, ते योग्यच झाले. एका 'एस'पायी एवढ्या घरांच्या चुली धोक्यात आल्या, हे वाचल्यापासून नोटेवरचा 'आय' मला फारच निरुपद्रवी वाटू लागला आहे.

आईसाठी मुद्दाम वेगळा प्रकार सांगते, कारण तो चुकून घडलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वाहतूक खात्याने 2014 मध्ये महामार्गावरच्या विजेच्या फलकांवर 'यूज या ब्लिंका' असे झळकवले. बॉस्टनची माणसे शब्दाच्या शेवटचा 'आर' गिळतात, म्हणून 'ब्लिंकर'चा 'ब्लिंका'. वळताना दिवा लावा, एवढाच त्याचा अर्थ. लोकांना तो फार आवडला. पुढे डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने नवी नियमावली काढून असली गंमत फलकांवर टाळावी असे राज्यांना सांगितले. वाचणाऱ्याचे लक्ष विचलित होते, हे त्यांचे कारण. मला ते पटले नाही. आपल्या सीमा सडक संघटनेने हिमालयात 'आफ्टर व्हिस्की ड्रायव्हिंग रिस्की' लिहून ठेवले आहे, ते भल्या भल्या चालकांच्या ध्यानात राहते. लडाखच्या सहलीत आईने असे फलक एका वहीत उतरवून घेतले होते. ती वही सापडली, तर त्या पानांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवावेत, कारण इथल्या मैत्रिणींना ते खरे वाटत नाहीत.

प्रकृतीची काळजी घ्यावी.

तुमची,
सुमा