‘भाऊ-भाऊ सांगायचं ना, मावशी!’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या वाढत्या घरभाड्यांवरचा आपला वृत्तान्त वाचला. भाडं परवडत असूनही ज्यांना घर मिळत नाही, त्यांच्याबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणून हे पत्र.

कोथरूडला माझा एक वन बीएचके आहे. ह्यांच्या फंडातून घेतलेला. त्याच्या भाड्यावर माझं औषधपाणी चालतं. दोन वर्षांपूर्वी तो दोन तरुणांना दिला. एक बँकेत, दुसरा हिंजवडीला. करार रीतसर नोंदवला, पोलीस व्हेरिफिकेशन झालं, भाडं पाच तारखेच्या आत जमा. दोघं मित्र म्हणून राहत होते तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ते नुसते मित्र नाहीत, हे जिन्यातल्या कुणाच्या तरी लक्षात आलं आणि करार वाढवायची वेळ आली तेव्हा मी दिलेलं पत्र सेक्रेटरींनी परत पाठवलं. वर पेन्सिलीनं दोनच शब्द: ‘फक्त कुटुंबासाठी’. शाई का नाही वापरली, ते नंतर कळलं. पेन्सिल खोडता येते.

एजंटला फोन केला तर तो म्हणाला, “भाऊ-भाऊ सांगायचं ना, मावशी! आम्ही सांगतो की तसं.”

मग सहकार खात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथला माणूस सज्जन होता. त्यानं सांगितलं, की आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, कळवलं की झालं. कागद माझ्या बाजूनं होता. पण वॉचमन त्या मुलांची कुरिअरं खालीच ठेवून घेई, टँकरचं पाणी सोडलं की नेमका आमचाच कॉक बंद राही, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संस्कारांचे संदेश येत. याची तक्रार करायची म्हटल्यावर कार्यालयातला तो माणूस म्हणाला, “बाई, कोणत्या कलमाखाली?”

त्या प्रश्नानं मला वाचायला लावलं. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 च्या निकालात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. म्हणजे पोलीस पकडणार नाहीत. घर मिळेल असं त्यात कुठं आहे? लिंगाच्या आधारे भेदभाव करायला मनाई करणारं घटनेचं कलम 15 मुख्यतः सरकारला बांधतं, आमच्या सेक्रेटरींना नाही.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी मात्र 2019 चा स्वतंत्र कायदा झाला. घर भाड्यानं घेताना किंवा विकत घेताना भेदभाव करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण शिक्षेचं कलम पाहा. राहत्या घरातून वा गावातून हुसकावलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद. घर मुळातच नाकारलं तर त्या कलमात काही नाही. तरी निदान बोट ठेवायला एक ओळ आहे. माझ्या भाडेकरूंसाठी तीही नाही, कारण हा कायदा लिंगओळखीचा आहे. कुणाचं कुणावर प्रेम आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘लैंगिक कल’ हा शब्द मला सापडला तो 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात. त्या कारणावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. म्हणजे घर मिळेना म्हणून माणूस खचून दवाखान्यात पोचला, तर तिथं त्याला समान वागणूक! 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, पण अशा जोडप्यांच्या अडचणींसाठी समिती नेमायला लावली. त्यानंतर 2024 मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं, की त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातले मानावं. चांगलंच झालं. पण रेशनकार्डाला पत्ता लागतो.

यावर ‘घर ज्याचं, मर्जी त्याची’ असं उत्तर येईल, ते ठाऊक आहे. पण घर माझं आहे आणि माझी मर्जी तीच मुलं राहावीत अशी होती. फ्लॅटमध्ये मी स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन ऑक्युपन्सी चार्जेस दर महिन्याला मी भरते. मर्जी चालली ती माझी नव्हे, कमिटीची. आणि खरं सांगायचं तर मीही सोवळी नाही. पहिल्यांदा एजंटकडे नाव नोंदवलं तेव्हा मी स्वतःच ‘फॅमिलीच बघा’ म्हणाले होते.

भेदभावविरोधी सर्वसमावेशक कायद्याचं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदारानं मांडायचं) शशी थरूर यांनी 2017 मध्ये लोकसभेत मांडलं होतं. समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आपल्या सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये मांडलं. खासगी विधेयकांचं पुढं काय होतं, ते वाचकांना सांगायला नको. म्हणून माझी मागणी दिल्लीकडे नाहीच. सहकारी संस्थांचा कायदा राज्याचा, 1960 चा. आदर्श उपविधी काढणारं सहकार आयुक्तालय इथं पुण्यातच आहे. उपविधींत एक वाक्य घाला: सभासदाचा भाडेकरू धर्म, जात, लिंगओळख, लैंगिक कल किंवा वैवाहिक स्थिती यावरून संस्थेनं नाकारू नये, त्याच्या सोयी अडवू नयेत, आणि हरकत घ्यायची असेल तर कारण लेखी, सहीनिशी द्यावं. पेन्सिलीनं नव्हे. सहकार खात्याच्या उपनिबंधकांना तीस दिवसांत निर्णय देणं बंधनकारक करा. निदान ‘कोणत्या कलमाखाली’ला मला उत्तर देता येईल.

मुलं मार्चअखेर गेली. जाताना ओटा घासून, लाइटबिल भरून, किल्ल्या हातात देऊन गेली. आता दोघं वेगवेगळ्या ठिकाणी कॉटबेसिसवर राहतात. फ्लॅट अजून रिकामाच आहे. एजंटचे दोनदा फोन आले. वहीत माझ्या नावापुढं ‘फॅमिली ओन्ली’ लिहिलंय, ते आधी खोड, मग बोलू, असं त्याला सांगितलं आहे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे
(मुलांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)