प्रकल्प अहवालातले विक्रीचे पान

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्जमेळाव्यांच्या बातम्या आपल्या अंकात नेमाने येतात. किती प्रकरणे मंजूर झाली, अनुदान किती, हे त्यांत असते. पण प्रकरणाला जोडलेला प्रकल्प अहवाल कोणी वाचत असेल का, अशी मला शंका आहे. आमच्या कुडाळ भागातले कोकम प्रक्रियेचे काही अहवाल माझ्या पाहण्यात आले. यंत्रांची कोटेशने, शेडचा खर्च, हप्त्यांचा तक्ता, सगळे जागच्या जागी. 'विपणन' या मथळ्याखाली मात्र एकच ओळ: 'सदर उत्पादनास स्थानिक व बाहेरील बाजारपेठेत मोठी मागणी आहे.' नाव बदलले की हीच ओळ काजूला चालते, पापडाला चालते, अगरबत्तीलाही.

घरच्या आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) धंद्याचा हिशेब मी ठेवते, म्हणून लिहिते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मे महिन्यांत येतात आणि पाऊस लागायच्या आत फोडून, मीठ घालून आगळ काढून ठेवावे लागते. फळ, मजुरी, बाटल्या यांचे पैसे त्या थोड्या आठवड्यांत एकदम जातात. परत येतात ते वर्षभर, सुट्टे सुट्टे. त्यामुळे विक्रीचा आराखडा करायला बसले की आधी कॅलेंडर काढावे लागते. गणपतीला आलेला चाकरमानी मुंबईला परतताना सोलं (वाळवलेल्या कोकमाच्या साली) आणि आगळ हमखास नेतो, पण एसटीत काचेची बाटली नको म्हणतो. मालवणचा पर्यटक दिवाळीनंतर दिसू लागतो, त्याला आगळापेक्षा सरबत बरे वाटते. भर पावसात गिऱ्हाईक उरते ते खानावळींचे. त्यांना लेबलाशी देणेघेणे नाही, सोलकढीसाठी पाच लिटरचा कॅन हवा. दर कमी देतात, पण पैसे वेळेवर.

दुकानाचे गणित आणखी वेगळे. समजा, बाटलीची छापील किंमत १६० रुपये. दुकानदाराने पंचवीस टक्के घेतले की आपल्या हातात १२०. त्यातून माल, बाटली, लेबल मिळून ९० गेले तर उरले ३०, आणि वाहतूक, फुटतूट, परत आलेला माल अजून धरलेला नाही. शिवाय उधारी महिन्याची म्हणतात, वसूल दोन-तीन महिन्यांनी होते. तेव्हा दुकानात किती द्यायचे, खानावळीला किती आणि घरून किती विकायचे, हे मे महिन्यातच ठरवावे लागते. माझ्या मते लहान धंद्याचा मार्केटिंग प्लॅन तो हाच. फ्लेक्स आणि व्हॉट्सअॅप स्टेटस नंतरचे.

सरकारी योजनांत याला जागा नाही असे नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पंतप्रधान योजनेत एकट्या उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळते. त्याच योजनेत ब्रँडिंग आणि विपणनासाठी ५० टक्के मदत आहे, पण ती गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या यांनी एकत्र येऊन केलेल्या कामाला. बचत गटांच्या बैठकांत चर्चा होते ती यंत्राच्या अनुदानाची, ही दुसरी बाजू क्वचितच निघते. तसेच भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे एखाद्या भागातल्या मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीचे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते २०१६ मध्ये मिळाले, पण बाटलीवर वापरायचे तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. यात कोणी हात धरून मदत केली तर चारजणी मिळून एका नावाने माल बाहेर पाठवू शकतील.

माझी सूचना साधी आहे. कर्जाच्या अर्जाला विक्रीचे एक पान सक्तीचे करा आणि ते अर्जदारानेच भरावे, अहवाल टाइप करून देणाऱ्याने नव्हे. कोणत्या महिन्यात कोणाला, कोणत्या दराने, पैसे कधी येणार, आणि नमुने, पॅकिंग, भाडे यांचा खर्च कुठून करणार, एवढेच. तीन खानावळी आणि दोन दुकाने फिरून दर विचारून आल्याशिवाय ते पान भरताच येऊ नये. बँकेच्या साहेबांनीही तेच समोर ठेवून प्रश्न विचारावेत, कारण हप्ता मशीनमधून येत नाही, विक्रीतून येतो.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यशस्वी उद्योजिकांच्या मुलाखती घेताना कर्ज किती मिळाले हे जरूर विचारा, पण पहिल्या वर्षी माल कुणी घेतला आणि उधारी किती दिवसांनी वसूल झाली, हेही छापा. आम्ही ते कात्री लावून जपून ठेवू.

आपली,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)