'हे अक्षर कोणाचं?' असं विचारत आलेल्या मॅडमना

मॅडम,

खरं तर हे तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं. दोनदा तुमच्या केबिनपर्यंत आले आणि दारातूनच परत फिरले, कारण तोंड उघडलं की रडू येणार हे माहीत होतं आणि तुम्ही कामात असताना तसलं काही नको वाटलं. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण हे तुमच्या-माझ्यातच राहिलं तर विद्यापीठात मोठमोठी माणसं येतात, बोलून जातात, त्यामागे खरं काम कोण करतं ते कोणाला कळणारच नाही.

गुरुवारी तुम्ही बोलावलेल्या पाहुण्या सरांचं व्याख्यान झालं, तेव्हा मी त्यांच्यासाठी चिठ्ठीवर प्रश्न लिहून दिला होता, नाव न घालता. शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये मी सोल्डरिंग करत होते, मान खाली, आणि तुम्ही दारात येऊन म्हणालात, "हे अक्षर कोणाचं?" तुमच्या हातात चिठ्ठी होती. माझीच होती, मी लांबूनच ओळखली, वहीचं फाडलेलं अर्धं पान, निळी शाई, एका बाजूला कागद तिरका फाटलेला. आणि मॅडम, मी गप्प बसले. मला वाटलं काहीतरी चुकलं, पाहुण्यांना असं विचारतात का म्हणून आता बोलणी बसणार. शेवटी मैत्रिणीने माझ्याकडे बोट केलं. तुम्ही रागावला नाहीत, "तू का? अगं दोन वर्ग पालथे घातले तुझ्यासाठी," म्हणालात, आणि हसलात. "चल, सरांची गाडी अकराला आहे, पाऊण तास आहे तुझ्याकडे."

दोन वर्ग. वर्गावर्गात जाऊन, चिठ्ठी दाखवून, हे अक्षर कोणाचं म्हणून विचारत फिरलात तुम्ही. आदल्या दिवशी तीनशे माणसांचा कार्यक्रम उभा केलेला, रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या, आणि सकाळी पहिलं काम हे. मला त्या दिवसापासून बाकी सगळं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे असं झालंय.

मी नाव का लिहिलं नव्हतं ते तुम्ही विचारलंत, तेव्हा मी "विसरले" म्हणाले. ते खोटं होतं. खरं सांगते.

आधीच्या कॉलेजात पण पाहुणे यायचे. मुलांना हजेरीची भीती घालून हॉल भरायचा, पुढच्या तीन रांगा राखीव, त्या निम्म्या रिकाम्याच, आम्ही मागे उभे. पाहुण्यांची ओळख वीस मिनिटं, ज्यांनी पाहुणे आणले त्यांचं कौतुक आणखी पंधरा मिनिटं, मग पाहुणे बोलायला उभे राहिले की समोर बसलेले घड्याळ दाखवायचे. प्रश्न विचारायची वेळ आली की आधीच ठरलेली दोन मुलं ठरलेले दोन प्रश्न विचारणार. एकदा मी चिठ्ठी पाठवली होती, नाव, वर्ग, रोल नंबर सगळं लिहून. एक जण येऊन म्हणाले, "हे विषयाला धरून नाही, आणि पाहुण्यांना दमवायचं नसतं." कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला आम्हीच होतो. माझी चिठ्ठी तिसऱ्या रांगेत खाली पडलेली सापडली, बरोब्बर माझ्या नावावर बुटाचा ठसा. मी ती घडी करून दप्तरात टाकली आणि त्यानंतर कुठेच प्रश्नाखाली नाव लिहिलं नाही. तीन वर्षं. कोणाचं नाव घ्यायचं नाहीये मला, त्या माणसाला तो दिवस आठवतही नसेल, पण त्याच्या एका बेफिकिरीने मी तीन वर्षं गप्प बसले हे त्याला कोणीतरी सांगायला हवं असं फार वाटतं.

म्हणून तुमच्या हातातली चिठ्ठी बघताना मला आधी काय दिसलं सांगू? ती चुरगळलेली नव्हती. तुम्ही ती डायरीच्या पानांमध्ये ठेवली होती, इस्त्री केल्यासारखी सरळ झाली होती. आणि त्यावर पेन्सिलीने एक रेघ होती.

मी लिहिलं होतं, "सर, सिग्नल खरा आहे की आपल्याच उपकरणाचा कचरा आहे हे कसं कळतं? आणि कळेपर्यंत त्याचं काय करायचं?" सरांनी 'कळेपर्यंत' या शब्दाखाली रेघ ओढली होती. गुरुवारी वेळ संपला म्हणून चाळीसेक चिठ्ठ्या तशाच राहिल्या, त्या सगळ्या तुम्ही पाकिटात घालून सरांना मुक्कामी नेऊन दिल्यात आणि त्यांनी रात्री बसून वाचल्या, हे मला नंतर सरांकडूनच कळलं. तुम्ही तेही सांगितलं नव्हतं.

आणि त्या खोलीत तुम्ही मला सरांच्या समोर नाही, शेजारच्या खुर्चीत बसवलंत, चिठ्ठी दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवलीत, आणि दार ओढून घेऊन बाहेर गेलात. फोटो नाही. रिपोर्टसाठी सही नाही. आत थांबून "ही आमची हुशार विद्यार्थिनी" वगैरे नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या माणसाशी कोणी बघत नसताना बोलले, मॅडम, आणि त्यामुळेच बोलू शकले.

सर म्हणाले, उत्तर कळल्यानंतरचं सगळे विचारतात, कळेपर्यंतचं कोणी विचारत नाही. मग मी माझं रडगाणं सांगितलं. आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या 21 सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी, म्हणजे 1420 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायला, आम्ही छोटा हॉर्न अँटेना, म्हणजे कर्ण्यासारखा अँटेना, बनवलाय आणि रोज संध्याकाळी डेटामध्ये एक उंचवटा येतो. सगळे म्हणतात काढून टाक, ग्राफ घाण दिसतो. सरांनी विचारलं, "किती वाजता येतो?" म्हटलं पावणेसातच्या सुमारास. "रोज पावणेसातलाच, की रोज 4 मिनिटं आधी?" मला कळेचना. मग त्यांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर पृथ्वी काढली, सूर्य काढला आणि दाखवलं की ताऱ्यांच्या हिशोबाने दिवस 23 तास 56 मिनिटांचा असतो, म्हणून आकाशातली दूरची गोष्ट रोज साधारण 4 मिनिटं लवकर येते. माणसाने केलेली गोष्ट घड्याळ पाळते. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं हो, परीक्षेत लिहिलंही होतं, पण ते माझ्या ग्राफला लावायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं!

मग ते सांगत बसले. 1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल नावाची मुलगी पीएचडी करत होती, रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीची रोज जवळपास 30 मीटर कागदावरची रेघ डोळ्यांनी तपासायची, आणि त्यात एक बारीकसा ओरखडा होता जो कशातच बसत नव्हता. तिने तो सोडला नाही. तो ताऱ्यांची वेळ पाळतो हे तिच्या लक्षात आलं आणि त्यातून पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारा तारा, सापडला, दर 1.33 सेकंदाला एक ठोका. 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला आणि आणखी एका खगोलशास्त्रज्ञाला मिळालं, तिला नाही. 2018 मध्ये तिला 30 लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं तेव्हा तिने ते सगळं, ज्या मुलांना भौतिकशास्त्रात यायला सहज संधी मिळत नाही त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकलं. आणि दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सची, रेडिओ दुर्बिणीची 64 मीटरची प्रचंड डिश, तिथे 1998 पासून मधूनच विचित्र सिग्नल यायचे, आणि 2015 मध्ये उलगडा झाला की तिथले लोक मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आधीच दार उघडतात तेव्हा ते येतात. सर म्हणाले, दोन्ही ठिकाणच्या लोकांनी केलं एकच, काढून टाकायच्या आधी ते कुठून आलं ते शोधलं. एकीला तारा मिळाला, दुसऱ्यांना ओव्हन. "दोन्ही उत्तरंच आहेत," म्हणाले.

पाऊण तास कधी संपला कळलं नाही. व्याख्यान पण छान होतं, ते वाईट नव्हतंच. पण व्याख्यान मी तीनशेजणांत बसून ऐकलं, आणि हे पाऊण तास माझ्या ग्राफवर झालं, फरक तिथे आहे.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले, असं आणखी कोणाकोणाच्या बाबतीत झालंय ते. खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांचं सापडलं. 1928 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नल्ड झोमरफेल्ड मद्रासला आले होते, प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं, चंद्रशेखर तेव्हा तिथे शिकत होते, अठराच्या आसपास वय. झोमरफेल्ड यांचं पुस्तक त्यांनी स्वतःच वाचून काढलेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी थेट हॉटेलवर भेटायला गेले. झोमरफेल्ड यांनी सांगितलं की तू जे शिकलास ते आता जुनं झालं, भौतिकशास्त्र पार बदललंय. कोणाचीही कंबर मोडली असती हे ऐकून! पण त्यांनी नुसतं सांगितलं नाही, स्वतःच्या अजून छापायच्या असलेल्या लेखाची प्रुफं त्या पोराच्या हातात ठेवली. पुढच्याच वर्षी, 1929 मध्ये, चंद्रशेखर यांचा त्या नव्या विषयावरचा लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. 1983 मध्ये नोबेल. त्या हॉटेलच्या खोलीचं दार जर कोणी अडवलं असतं, पाहुणे दमलेत उद्या या असं म्हटलं असतं, तर काय झालं असतं देव जाणे.

आणि मग फॅरेडेचं वाचलं आणि तिथे मात्र मला तुम्हीच दिसलात. बुकबाइंडरकडे कामाला असलेला पोरगा, त्याला 1812 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत हंफ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या चार व्याख्यानांची तिकिटं मिळाली. त्याने सगळं लिहून काढलं, बांधून तीनशे पानांचं पुस्तक केलं, डेव्हीला पाठवलं, आणि मार्च 1813 मध्ये तिथे सहायक म्हणून लागला. हे सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते असं की त्याआधी त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून काम मागितलं होतं, चौकशीला गेला तेव्हा पहारेकऱ्याने निरोप दिला, उत्तर नाही. एवढंच. वाचल्यावर मला माझ्या चिठ्ठीवरचा बूट आठवला. आणि ती चार तिकिटं दिली कोणी? दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाईकाने, जो वादक होता, रॉयल इन्स्टिट्यूशनचा सभासद होता आणि ज्याला या पोराची वाचायची हौस दिसली. डेव्हीचं नाव शाळेतल्या पुस्तकात असतं, फॅरेडेचं तर असतंच, डान्सचं कुठे असतं? मॅडम, मी फॅरेडे नाही आणि होणारही नाही, पण माझ्यापुरत्या तुम्ही त्या तिकिटवाल्या आहात.

मला हेच कळलं की मोठी माणसं बहुतेक वेळा भेटायला तयार असतात. सर तर म्हणाले की त्यांना हार-भाषणांपेक्षा अशा चिठ्ठ्यांमध्ये जास्त रस असतो. अडतं ते मधल्या माणसापाशी. मधल्या माणसाने ठरवलं तर पाहुणा म्हणजे नुसता फोटो होतो आणि मधल्याच माणसाने ठरवलं तर एका मुलीची तीन वर्षांची भीती पाऊण तासात जाते. आणि तुमच्यासारखं करायला ना बजेट लागतं ना वरून परवानगी, लागतं ते फक्त समोरच्याला माणूस समजणं, आणि ते इतकं दुर्मिळ का झालंय मला खरंच समजत नाही. तुम्ही ते रोज करता, कोणासाठी तरी, आणि वार्षिक अहवालात याचं काय येणार, 'प्रश्नोत्तरे झाली' एवढंच. म्हणून इथे लिहितेय, आकडा म्हणून नाही, प्रश्नाखाली नाव न लिहिणाऱ्या एका मुलीचं म्हणणं म्हणून.

बाकी, तुम्हाला उत्सुकता असेल म्हणून सांगते. घरी जाऊन 19 दिवसांची नोंद काढली, दोनदा तपासली. तारा असता तर एव्हाना जवळजवळ सव्वा तास अलीकडे सरकला असता. उंचवटा जागचा हललेला नाही, पावणेसात म्हणजे पावणेसात. घड्याळ पाळतो. म्हणजे आपल्याच इमारतीतलं काहीतरी आहे, आणि जिन्यातले दिवे टायमरवर आहेत, त्याच वेळेला लागतात, सध्या त्यांच्या मागे लागलेय. तारा नाही मिळाला, पण इतका आनंद मला कुठल्याच मार्कांनी झाला नव्हता. सरांना मेल केलाय, त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, "टायमर बंद करून बघ आणि मला कळव."

चिठ्ठी माझ्याकडेच राहिलीय, पाठीवरच्या पृथ्वीसकट. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलीय आणि प्रश्नाखाली आता नाव लिहिलंय, पूर्ण, आडनावासकट.

पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा चिठ्ठ्या गोळा करायला मला बोलवा मॅडम. तिसऱ्या रांगेखालीसुद्धा वाकून बघेन, एकही पडू देणार नाही.

तुमची,
निळ्या शाईवाली