मा. आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : ‘डॉक्टरांना विचारा’च्या पुढचं कोण लिहिणार?

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

‘स्वतःच्या मनाने औषध घेऊ नका, डॉक्टरांचा सल्ला घ्या.’ दवाखान्यांच्या भिंतीवर हे वाक्य हमखास असतं. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. मूल तापाने फणफणलं की घरातलं माणूस रात्री दोन वाजता स्वतःच्याच मनाने ठरवत असतं : आत्ता निघायचं की उजाडायची वाट बघायची, औषध द्यायचं का, आणि दिलं तर किती. डॉक्टरांकडे जायचं हा निर्णयसुद्धा डॉक्टर घेत नाहीत, घरचेच घेतात. तो नीट घेता यावा इतकी माहिती त्यांच्या हाती आहे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

साधं पॅरासिटामॉल घ्या. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो : एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत ४ डोसांच्या वर नाही. १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. इथवर सोपं आहे. पण हे औषध वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. ५ मिलिमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर या मुलाला सव्वासहा मिलि लागेल, ५ मिलिमध्ये २५० असेल तर ३ मिलि, आणि १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर फक्त दीड मिलि. आता जुनी बाटली संपली, घाईत थेंबांची बाटली आणली आणि सवयीने ‘नेहमीचे सहा मिलि’ पाजले, की पोटात ६०० मिलिग्रॅम गेले. म्हणजे अख्ख्या दिवसाची कमाल मात्रा एका घोटात! तापाला उतार नाही म्हणून चार तासांनी पुन्हा तेवढंच दिलं तर यकृताच्या जिवावर बेतू शकतं. त्यात सर्दीचं म्हणून दिलेल्या मिश्र औषधातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. तो हिशोब कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बाटलीचं नाव वेगळं असतं.

आणि लेबलवर मात्रा काय लिहिलेली असते? ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार.’

म्हणून पहिली मागणी. पुढच्या बाजूला, औषधाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत : ‘५ मिलिमध्ये इतके मिलिग्रॅम’. मागे वजनाप्रमाणे मिलिचा तक्ता. खोक्यात खुणा केलेली, सुई नसलेली सिरिंज. घरातले चमचे एका मापाचे नसतात आणि झाकणातलं माप डोळ्यांसमोर धरून कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट जुलाबाची. क्षार-साखरेचं पाणी द्यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. चुकतं ते प्रमाण. १ लिटर पाण्यासाठीची ओआरएसची पुडी अंदाजाने अर्धी करून पेल्यात ढवळली की पाणी घट्ट होतं. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं, पण साखर जास्त झाली की उलट पाणीच आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, लहान बाळाला त्यातून झटकेही येऊ शकतात. पुडी नसेल तेव्हा १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट भरलेले ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलिचा, शीग न ठेवता. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलि, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलि. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. उरलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. पुडीवर नुसतं ‘एका लिटरसाठी’ छापून भागत नाही, तिथे ‘अर्धी करू नका’ असंही हवं.

आता निघायचं कधी, याबद्दल. आया सांगतात, ‘बाळाचं पोट उडतंय.’ हे घाबरट बोलणं म्हणून उडवून लावण्यासारखं नाही, ते फार नेमकं निरीक्षण आहे. त्याला फक्त घड्याळाची जोड द्यायची. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पोटाची हालचाल, म्हणजेच श्वास, पूर्ण ६० सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये : बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे मोजण्यातली चूकही चौपट होते. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त (पुन्हा मोजून खात्री करावी), २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील तर दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा न बघताच निघायचं. मूल काहीच पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके आले, उठवून उठत नाही : यांतलं एकही असेल तर वाट बघू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप असेल तर ‘औषधाने उतरतो का बघू’ हा प्रयोगही नको. मोठ्या मुलात मात्र आकड्यापेक्षा वागणं बोलकं असतं. ३९.५ अंशांतही खेळणाऱ्या मुलापेक्षा ३८ अंशांत ग्लानीत पडलेलं मूल जास्त काळजीचं. लसीकरणाच्या कार्डावर मागची बाजू मोकळी असेल, तर हे सगळं तिथे मावतं.

घरच्यांचा अंदाज चुकतोही, हे आम्ही नाकारत नाही. प्रेशर नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं. उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या सर्दीला वापरणं हा दुसरा. पण या चुका माणसं आगाऊ असतात म्हणून होत नाहीत. चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं. ती कशासाठी, किती दिवस आणि मध्येच थांबवली तर काय, हे नसतं.

आता सगळ्यात अवघड मागणी. रुग्णालयात दाखल झाल्यावर घरच्यांच्या म्हणण्याला किंमत उरत नाही. ‘हा नेहमीसारखा नाही’ असं आई म्हणते, तेव्हा तिच्यापाशी त्या मुलाच्या हजारो दिवसांची तुलना असते. आमच्यापाशी, म्हणजे वॉर्डातल्या डॉक्टर-परिचारिकांपाशी, दोन तासांचा तक्ता असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रायन सॉन्डर्स हा लहान मुलगा २००७ साली दगावला. त्याची प्रकृती ढासळतेय हे आईवडील सांगत होते, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. त्यातून २०१३ पासून तिथे ‘रायन्स रूल’ आला : आधी वॉर्डातल्या नर्स-डॉक्टरांना सांगा, समाधान नाही झालं तर प्रमुख नर्सना, तरीही नाही झालं तर एका फोन नंबरवरून दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी मागा. इंग्लंडमध्ये १३ वर्षांच्या मार्था मिल्सचा २०२१ साली सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊन, मृत्यू झाला. त्यानंतर २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. त्यात कुटुंबाला दिवसा-रात्री केव्हाही वेगळ्या टीमकडून तपासणी मागता येते.

असा नियम इथे आला तर रोज शंभर फोन येतील, अशी भीती आमच्याच काही सहकाऱ्यांना वाटते. त्यांची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून सुरुवात फक्त बालरोग विभागांपासून करावी. प्रत्येक खाटेशी एक नंबर, फोन घेणारा डॉक्टर त्या वॉर्डाबाहेरचा, किती मिनिटांत यायचं ते ठरलेलं, आणि प्रत्येक फोनची वेळ व निष्कर्ष केसपेपरवर नोंदलेला. सहा महिन्यांच्या नोंदी आपण स्वतः मागवून बघाव्यात.

आपले,
मुलांच्या वॉर्डांत आणि औषधांच्या काउंटरवर काम करणारे डॉक्टर, परिचारिका व फार्मासिस्ट