खोक्यातल्या स्पॅनिश गोष्टी

सॅन अँटोनियो, टेक्सास

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही तिघेही खुशाल आहोत. निखिलचा खोकला गेला. बाकी ऑफिसचे, हवेचे आणि जेवणाखाण्याचे तुम्हाला रविवारच्या फोनवर कळतेच, म्हणून ते इथे लिहीत नाही. हे पत्र मुद्दाम लिहायला घेतले ते त्या खोक्याकरिता. व्हिडिओवर सईच्या मागे कपाटावर ते दिसले तेव्हा आई, तू म्हणालीस, "नातीला गोष्टी सांगायला आता यंत्र ठेवलेत का?" म्हणालीस हसतच, पण मला काही ते हसण्यावारी नेता आले नाही.

त्या खोक्याचे नाव टोनीबॉक्स. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या पॅट्रिक फासबेंडर आणि मार्कुस श्टाल या दोघांनी २०१६ साली ते तिकडे बाजारात आणले, आणि अमेरिकेत ते २०२० साली आले. मुलांच्या गोष्टींच्या सीडी सारख्या ओरखडे पडून वाया जातात, या वैतागातून फासबेंडर यांना ते सुचले म्हणतात. आकाराने ते लाडवांच्या छोट्या डब्याएवढे, बाहेरून मऊ कापडी, आणि वर दोन कान. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, लहान दाबला की कमी होतो. डोक्यावर एक बोटभर बाहुली ठेवायची, ती लोहचुंबकाने चिकटते, तिच्यातली चिप खोके ओळखते आणि त्या बाहुलीची गोष्ट सुरू होते. पहिल्या वेळेपुरते वायफाय लागते, नंतर गोष्ट खोक्यातच राहते, त्यामुळे गाडीतही ऐकता येते. पुढचा भाग हवा असेल तर कडेला एक चापट मारायची. सई ती एवढ्या जोरात मारते की गोष्ट पुढे जाते आणि खोके पलंगाखाली.

त्याला पडदाही नाही आणि कॅमेराही नाही, हे बाबांसाठी लिहिते. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून जास्त पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवले आहे, आणि हातात मोबाइल दिल्याशिवाय जिला घास जात नव्हता ती सई आता बाहुल्या रांगेत मांडून नुसते ऐकत बसते. आवाज किती वाढू द्यायचा याची मर्यादा आम्ही आमच्या फोनवरून घालून ठेवली आहे, तेव्हा कानांचीही काळजी नसावी. आता किमतीचे. खोके निखिलच्या ऑफिसच्या मंडळींनी वाढदिवसाला दिले. ते तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास मिळत होते, आणि बाहुल्या, ज्या आम्ही घेतल्या, त्या पंधरा-वीस डॉलरला एक. आई, कृपा करून त्याचे रुपये करत बसू नकोस.

मग गोष्टी स्पॅनिश का, हा तुझा दुसरा प्रश्न. हा मुलूख १८३६ पर्यंत मेक्सिकोचा होता आणि या शहरातले निम्म्याहून अधिक लोक अजून मूळचे त्याच बाजूचे आहेत. दवाखान्यात, भाजीच्या दुकानात, बागेत स्पॅनिश कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. सईच्या शाळेत अर्धा दिवस इंग्रजी आणि अर्धा दिवस स्पॅनिश चालते. घरात स्पॅनिश बोलणारे कोणी नाही, तेव्हा ती भाषा निदान कानावर पडू द्या, असे तिच्या बाईंनी सुचवले, म्हणून पाकिटावरची भाषा वाचून आम्ही स्पॅनिश बाहुल्या घेतल्या. मराठीची जागा तिला द्यावी असा हेतू मुळीच नव्हता.

खोक्याने भाषा येते असा माझाही समज नाही. बाळे भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली सिएटलमध्ये केलेला प्रयोग बाबांना आवडेल: नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी माणसे समोर बसून चिनी बोलली तेव्हा बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले, पण तेच बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकवले किंवा टीव्हीवर दाखवले तेव्हा काही फरक पडला नाही. सईच्या बाबतीतही, खोक्यातले शब्द ती पाठ म्हणते, पण त्यांचा उपयोग करते तो शेजारच्या, मेक्सिकोतल्या मोंतेर्रेच्या आजींपाशी. त्या तिला थांबवतात, उलट विचारतात, चुकले तर हसतात. म्हणजे आई, तुझे म्हणणे मी खोडत नाही.

आता रात्रीचे सांगते, कारण सई एकटी झोपते हे कळल्यापासून तुला झोप नाही असे अमोल म्हणाला. इथे मूल वेगळ्या खोलीत झोपवतात, तेही आठच्या आत, आणि उन्हाळ्यात तर बाहेर अजून लख्ख उजेड असतो, म्हणून जाड काळे पडदे लावून खोलीत रात्र करावी लागते. आधी अंघोळ, मग दात, मग पुस्तक, मग आई-बाप दिवा मालवून बाहेर जातात आणि मुलाने आपले आपण झोपावे अशी अपेक्षा असते. मूल रडले तरी काही जण मिनिटे मोजून मगच आत जातात, आणि यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. उलट चार वर्षांची मुलगी आमच्यात झोपते असे मी आधी एकदा बोलून गेले, तर समोरच्या बाईंना माझी दया आली. आम्ही एवढे कडक नाही. दार उघडे असते, मी ती झोपेपर्यंत दारापाशीच असते, निदान ज्या दिवशी रात्रीची मीटिंग नसते त्या दिवशी. मीटिंग असली की बाहुली लावते.

परवाचे ऐकून तुला बरे वाटेल. स्पॅनिश गोष्ट संपताना 'कोलोरीन कोलोरादो' असे काहीतरी म्हणतात, आणि ते ऐकून सई आपणहून 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणाली. गेल्या श्रावणात तुझ्याकडून ऐकलेले तिच्या लक्षात आहे.

याच खोक्यासाठी एक कोरी बाहुली मिळते, तिच्यात आपल्या आवाजातले नव्वद मिनिटांचे भरता येते. तू चिऊ-काऊची गोष्ट आणि शुक्रवारची कहाणी फोनवर रेकॉर्ड करून पाठव. पंखा बंद करून आणि कुकर लावायच्या आधी कर. घाई करू नकोस, मध्ये खोकलीस तरी चालेल. बाबांनी पाढे म्हटले तर तेही घालीन.

अमोलच्या लग्नाबद्दल एकदाचे लिहिते. तारीख ठरली याचा आम्हाला फार आनंद झाला आणि सून आम्हाला फोनवरच आवडली. हॉलच्या तीन लाखांपैकी दोन आज पाठवले आहेत, उरलेला एक एप्रिलच्या पगारातून येईल. त्याने कर्ज काढू नये. मी आणि सई येऊच, पण आठच दिवस, आणि निखिलला येता येणार नाही. त्याच्या व्हिसाचा शिक्का संपला आहे आणि मुंबईतल्या मुलाखतीची तारीख मिळून वेळेत परतता येईल याचा भरवसा नाही. तिकडच्या मंडळींना हे बाबांनीच सांगावे, मी सांगितले की सबब वाटते. हळदीला मी पोहोचेन. केळवणांना मात्र माझे पान मांडू नका.

तुमची,
मृणाल

ता. क. पैसे बाबांच्या खात्यात जमा झाले की कळवा, आणि हॉलवाल्याला पावती हातात आल्याशिवाय रोख देऊ नका.